रेडिएशननंतर डोळे कसे जपावेत

मेंदू, नाक, सायनस किंवा डोळ्याच्या खोबणीजवळ रेडिएशन झालं असेल, तर उपचार संपताना एक कागद मागून घ्या: भिंग, पडदा, डोळ्याची नस आणि अश्रुग्रंथी यांना प्रत्येकी किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस गेला. डोळ्यांचा त्रास बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांनी उपटतो. तोवर तो रेडिएशनशी जोडायचं कुणाला सुचत नाही.

कोरडेपणा मात्र लवकर येतो. अश्रुग्रंथी आणि पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी सुकतात, वाळू गेल्यासारखं खुपतं. गंमत म्हणजे कोरडा डोळाच पाणी गाळतो, म्हणून माणसं थेंब घालायचं टाळतात. तसं करू नका. खालची पापणी ओढून खोबण करा, त्यात एकच थेंब टाका, बाटलीचं टोक कुठेही टेकवू नका, मग मिनिटभर डोळा मिटा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं वाहून जातं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवायचं रसायन) नसलेले मागा. ते रसायनच बुबुळाला चरचरवतं. रात्रीचं मलम आडवं झाल्यावरच लावा, कारण त्याने धूसर दिसतं. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब मनाने घालू नका, डोळ्यातला दाब वाढतो.

भिंग सगळ्यात नाजूक. थोड्या डोसनेही काही वर्षांत मोतीबिंदू होतो. समोरच्या दिव्यांचा झगमगाट खुपायला लागला की तपासा. ऑपरेशन होतं, पण आधी पडदा पाहून घ्यावा, तो खराब असेल तर भिंग बदलूनही नजर येत नाही.

पडद्याचा बिघाड साधारण सहा महिने ते तीन वर्षांत दिसतो, मधुमेह्यांत जास्त. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून बाहुली मोठी करून तपासणी आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) डॉक्टर सांगतील तेव्हा कराच. मध्यभागी सूज आली तर डोळ्यात इंजेक्शन देतात.

घरी आठवड्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने न दाबता झाकून, चौकटीच्या वहीचं, मधोमध ठिपका काढलेलं पान सुमारे ३० सेंटिमीटरवर धरा आणि त्या ठिपक्याकडे बघा. मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. रेघा वाकड्या दिसल्या, मधेच डाग दिसला, डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी दाखवा. नजर न दुखता अचानक गेली तरीही. नस बिघडते तेव्हा दुखत नाही.