युटा-ॲरिझोनाची कॅन्यन ट्रिप करताय? या चुका टाळा

मे-जून आला की सांगली, मिरज, विट्याकडची बरीच मंडळी अमेरिकेला पोरांकडं जातात आणि पोरंही हौसेनं वेगासवरनं गाडी काढून झायन, ब्राइस, अँटेलोप, ग्रँड कॅन्यन सगळं तीन-चार दिवसात दाखवायला निघतात. जावंच असा भाग आहे तो, पण प्लॅन नकाशावर बोट ठेवून करू नका.

सगळ्यात मोठी चूक अंतराची. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम आणि नॉर्थ रिम, म्हणजे दरीच्या दक्षिण-उत्तर कडा, दोघांत सरळ रेषेत साधारण 16 किलोमीटर, आणि रस्त्यानं जवळपास 345, कारण मधे ती अख्खी दरी आहे आणि तिला वळसा घालून जावं लागतं, म्हणजे जवळजवळ पाच तास गाडीतच. दोन्ही एका दिवसात उरकायचा नाद सोडा. दिवसाला एकच मोठी जागा धरा, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर बघा, दगडाचा लालपणा तेव्हाच खुलतो, भर दुपारी सगळं फिकं दिसतं.

घड्याळाचा घोळ वेगळाच. उन्हाळ्यात युटा एक तास पुढं, ॲरिझोना मागं, आणि ॲरिझोनातलाच नावाहो या मूळ रहिवासी लोकांचा भाग परत पुढं. मोबाईल कुठला टॉवर पकडेल सांगता येत नाही. अँटेलोप कॅन्यनला गाइडशिवाय सोडतच नाहीत, त्यामुळं बुकिंग करतानाच विचारा की वेळ जवळच्या पेज गावाची ना, आणि घड्याळ हातानं लावा.

आता पाऊस. आटपाडी-जतकडं वर कुठंतरी पाऊस होतो आणि खाली कोरड्या ओढ्याला लोंढा येतो ना, तसंच अँटेलोपसारख्या ठिकाणी, फक्त ओढ्याच्या जागी माणूसभर रुंदीची दगडाची घळ, पळायला जागाच नाही. ऑगस्ट 1997 ला लोअर अँटेलोपमधे 11 पर्यटक असेच गेले, पाऊस लांब पडला होता. जुलै ते सप्टेंबर वळवासारखा पाऊस असतो तिकडं, गाइड नको म्हणाला तर पैशासाठी हुज्जत घालू नका, प्लीज.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. युटातल्या आय-70 हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना या गावांमधे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास एकही पंप नाही, रेंजही मधेमधे जाते, म्हणून मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. पाणी माणशी रोज चार लिटर तरी गाडीत पाहिजेच. गाडी बंद पडलीच तर बॉनेट उघडं ठेवा, सावलीत थांबा, पण गाडी सोडून मदत शोधायला चालत निघू नका. आणि आईवडिलांच्या बीपीच्या गोळ्या तापलेल्या डिकीत नाही, जवळच्या पिशवीत.

वाळवंट म्हणून स्वेटर घरी ठेवणारेही खूप. ब्राइसची कड 2,400 मीटरच्या वर आहे, महाबळेश्वरपेक्षा हजारभर मीटर उंच, मे महिन्यात पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. सूर्योदय बघायचा तर कानटोपी आणि स्वेटर रात्रीच बाहेर काढून ठेवा.