तीव्र कुपोषित मुलाला पहिल्या आठवड्यात भरवायचं कसं

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. पट्टी दंडाच्या मध्यावर टेकवा, आवळू नका. मग दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर दंडघेर कितीही असो, मूल सॅमच. या सुजेला ‘बाळसं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मूल तरतरीत आहे, आवडीनं खातंय, सूज-ताप-जुलाब नाहीत, तर अंगणवाडीच्या देखरेखीखाली घरीच उपचार होतात. नाहीतर भरती करा; पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय आहे.

खरी गोची इथून पुढे. ‘हडकलंय, भरपूर खाऊ घाला’ हा सल्ला पहिल्या आठवड्यात जीव घेऊ शकतो. उपाशी शरीरात हृदय आणि मूत्रपिंडं मंदावलेली असतात, पेशींत सोडियम साचलेलं आणि पोटॅशियम घटलेलं असतं. एकदम अन्न आलं की हृदयावर ताण येतो. या दिवसांत वजन वाढवायचंच नसतं. सूज उतरते तसं ते घटतंही, घाबरू नका.

भरती झालेल्या मुलाला सुरुवातीला एफ-75, म्हणजे कमी ताकदीचं दुधाचं मिश्रण: दर दोन तासांनी किलोमागे 11 मिली. पाच किलोच्या मुलाला एका वेळी 55 मिली, दिवसाला बारा वेळा. खूप सूज असेल तर दिवसाला किलोमागे 100 मिलीच. तयार पाकीट नसेल तर 300 मिली दूध, 100 ग्रॅम साखर, 20 मिली तेल, आणि पाणी घालून एकूण एक लिटर. एक लिटर पाणी *घालायचं* नाही. ही चूक सर्रास होते आणि सगळं पातळ होऊन बसतं.

वाटी-चमच्यानेच पाजा, बाटली नको. रात्री दोनचा, चारचा घास चुकवू नका. झोपलंय म्हणून राहू दिलं की पहाटेपर्यंत रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं. उठवा. लागोपाठ दोनदा 80 टक्क्यांपेक्षा कमी प्यायलं तर नाकातल्या नळीसाठी नर्सला सांगा, घशात ओतू नका.

सलाईनचा हट्ट धरू नका. ते शॉकमध्येच, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलं तरच द्यायचं. सूज उतरवायला लघवीचं औषध नको. लोहाचं टॉनिक या आठवड्यात बिलकुल नको, त्यानं जंतुसंसर्ग बळावतो.

भूक परतली आणि सूज उतरू लागली की एफ-100, म्हणजे जास्त ताकदीचं तसंच मिश्रण, पण दोन दिवस तेवढ्याच मापाने. श्वास आणि नाडी दोन्ही वाढून तशाच राहिल्या तर माप लगेच कमी करायला सांगा. सगळं ठीक असेल तर दर वेळी 10 मिली वाढवत जा, वाटीत थोडं उरेपर्यंत.

पुढे रोज किलोमागे 10 ग्रॅम वाढ चांगली. 5 ग्रॅमच्या आत राहिली तर आधी रात्रीचे घास खरोखर दिले जातात का ते पाहा, मग लघवी, कान आणि क्षयाची तपासणी मागा.