फिलिप ग्लासशेजारी शूबर्ट: पियानोची मैफल कशी जुळवावी

पूर्वार्धात जुनं आणि मध्यंतरानंतर मिनिमलिस्ट (मोजक्या स्वरांचं, पुनरावृत्तीवर उभं असलेलं आधुनिक संगीत), अशी वाटणी करू नका. त्यानं एकाच संध्याकाळी दोन वेगळे कार्यक्रम होतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी जोड्या लावायला सांगते, आणि त्याही मूड बघून नाही, हात काय करतोय ते बघून.

सुरुवातीला बाखचं सी मेजर या स्वरपट्टीतलं प्रिल्यूड (छोटी रचना) घ्या, ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’च्या १७२२ च्या पहिल्या भागातलं. ३५ मापं, म्हणजे लयीचे सारखे तुकडे. अगदी शेवट सोडला तर प्रत्येक मापात एकच आकृती दोनदा येते, बदलतात ते फक्त स्वरमेळ. दुसऱ्या वेळी मुद्दाम हळू आवाजात वाजवायचा मोह होतो, तो टाळा. तबला सोलोमागच्या लहेऱ्यासारखं स्थिर राहू दे.

मग मिनिमलिस्ट संगीतकार फिलिप ग्लासचं ‘ओपनिंग’ (१९८२). तेवढ्याच वेळात उजव्या हातात तीन स्वर, डाव्यात दोन, अखंड. आधी मांडीवर थाप देऊन हे बसवा, मगच पट्ट्यांना हात लावा. खरा धोका पुढे आहे: हात सरावला की लय नकळत चढते. रेकॉर्डिंग करून पहिलं आणि शेवटचं आवर्तन लागोपाठ ऐका, लगेच कळेल. लोक कंटाळतील म्हणून आवर्तनं गाळू नका; ती गाळली तर रचनाच उरत नाही.

त्याला लागून शूबर्टच्या ‘मोमाँ म्युझिकाल’ या छोट्या रचनांमधली तिसरी. दोन्ही एफ मायनरमध्ये, आणि इथेही डावा हात एकच चाल धरून बसतो. शूबर्टचा जन्म ३१ जानेवारी १७९७ चा, ग्लासचा ३१ जानेवारी १९३७ चा. निवेदनात हे सांगाच. ग्लासनं साठच्या दशकात पॅरिसला रविशंकरांबरोबर काम केलं होतं, हेही सांगा; आपले श्रोते कान टवकारतात.

शेवटची जोडी बी मायनरची: मिनिमलिस्ट आर्वो पेर्टचं ‘फ्युअर अलिना’ (१९७६) आणि शोपाँचं ओपस २८ या संचातलं सहावं प्रिल्यूड. पेर्टमध्ये सुरुवातीचा खर्जातला बी हा स्वर पेडलवर धरून ठेवायचा असतो. तो किती वेळ टिकतो हे हॉलमधल्याच पियानोवर तपासा आणि त्यावरून गती ठरवा. एसी बंद करायला आधीच सांगून ठेवा. पेर्ट संपल्यावर हात मांडीवर घेऊ नका, पेडल सोडून थेट शोपाँ सुरू करा. मध्ये टाळ्या पडू नयेत म्हणून कार्यक्रमपत्रिकेत ही दोन नावं एकाच ओळीत छापा.