बियांपासून रोपं घरी करायची तर: काय ट्रेमध्ये, काय थेट कुंडीत

बी विकत आणायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कुठलं बी ट्रेमध्ये टाकायचं आणि कुठलं थेट कुंडीत, कारण "उगवलंच नाही" किंवा "उगवलं आणि चार दिवसांत गेलं" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं गणित इथेच बिघडलेलं असतं.

मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर यांची आधी रोपं करायची आणि मग मोठ्या कुंडीत लावायची. बी बारीक असतं, पहिले काही आठवडे रोप नाजूक असतं आणि मोठ्या कुंडीत एवढंसं बी टाकलं की पाणी नेहमी जास्तच होतं. भेंडी, गवार, मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर, पालक हे मात्र थेट जागेवरच पेरायचं. भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते उपटून दुसरीकडे लावलं की झाड बरेच दिवस नुसतं बसून राहतं, आणि गाजर-मुळ्याचं मूळ हलवलं तर त्याला फाटे फुटतात म्हणजे आपण ज्यासाठी लावलं तेच गेलं. दोडका, कारलं, दुधी, काकडी हे मधले, जागेवर लावलेलं उत्तम पण कागदी कपात लावून दोन खरी पानं (पहिल्या गुळगुळीत जोडीनंतर येणारी) आली की मातीच्या गोळ्यासकट अलगद कुंडीत ठेवलं तरी चालतं.

आता वेळ. आपल्याकडे मृग लागला की वेल, भेंडी, गवार लावायची हे गावाकडच्या परसात पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि बाल्कनीतही तेच लागू पडतं. मिरची-वांग्याचं बी मे अखेर ते जूनमध्ये टाका, ट्रे मात्र पावसाच्या माऱ्यात ठेवू नका. टोमॅटोसाठी मी मुंबई-कोकणातल्या लोकांना नेहमी सांगते की पावसाळ्यात हौस करू नका, सततच्या ओल्या हवेत पानांवर करपा येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला बी टाका म्हणजे फुलं थंडीत येतील आणि फळ धरेल. कडक उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, मग कितीही खत घाला. मेथी, पालक, कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपी. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर लावायचीच असेल तर दुपारची सावली हवी, नाहीतर पानं यायच्या आत तुरे येतात.

पाकीट घेताना नुसता फोटो बघू नका, मागची बाजू वाचा. बी तपासल्याची तारीख, वैधता आणि उगवण क्षमता तिथे छापलेली असते. मिरचीसाठी किमान ६० टक्के आणि टोमॅटोसाठी ७० टक्के असं प्रमाण धरलेलं आहे, म्हणजे चांगल्या पाकिटातलं सुद्धा शंभरातलं शंभर उगवणार नाही, तेव्हा चार झाडं हवी असतील तर सात-आठ बिया टाका. एफ-१ हायब्रिड (दोन वाणांचा संकर) आहे की सरळ वाण (ज्याच्या बियांपासून तशीच झाडं येतात) तेही बघा. हायब्रिडचं पीक छान येतं पण त्याच्या फळातलं बी लावलं तर पुढची झाडं सारखी येत नाहीत. पुढच्या वर्षी घरचंच बी वापरायचंय तर सरळ वाण घ्या, मिरचीत पुसा ज्वाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती, भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, टोमॅटोत पुसा रुबी. गावरान बी मिळालं तर सोन्याहून पिवळं! अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँकच उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं, घरोघरी राखलेलं बी किती मोलाचं असतं हे त्यांचं काम बघितलं की कळतं. आणि हो, बी गुलाबी किंवा निळसर दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नका, पेरून झाल्यावर हात साबणाने धुवा.

स्वयंपाकघरातलं बी पण चालतं. मेथी, मोहरी तर हमखास उगवते. धने लावायचे तर भाजलेले नकोत आणि अख्खे टाकू नका, एका धन्यात दोन बिया असतात, लाटणं हलकं फिरवून दोन फाका करायच्या, चुरा होईल इतका जोर नको, मग रात्रभर पाण्यात भिजवून पेरायचे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका प्लीज.

ट्रेमध्ये नुसती लाल माती भरू नका, ती वाळली की कडक होते आणि बारीक कोंब वर येऊच शकत नाही. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेलं गांडूळ खत, बास. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी पिळून टाकून द्या आणि परत एकदोनदा धुवा, त्यात क्षार असतात. ओलावा किती हवा ते मुठीत कळतं, मिश्रण मुठीत घेऊन आवळलं की एकदोन थेंब यावेत, धार लागली तर जास्त झालं, मूठ उघडल्यावर गोळा सुटला तर कमी. महागडा ट्रे नकोय, दह्याचे डबे, चहाचे कागदी कप काहीही चालेल, फक्त तळाला भोकं पाडा आणि एका कपात एक-दोनच बिया.

खोली हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून जास्त नाही. मिरची-टोमॅटोला जेमतेम अर्धा सेंटिमीटर, भेंडीला दोन सेंटिमीटर. भेंडी आधी रात्रभर भिजवा. कारल्या-दोडक्याचं कवच फार टणक असतं, त्याची निमुळती कड नेलकटरने किंचित कातरा (आतला पांढरा गर दुखवायचा नाही), दिवसभर पाण्यात ठेवा आणि मग मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवा. फडकं रोज उघडून बघायचं, पांढरं टोक डोकावलं की त्याच दिवशी कुंडीत, बी आडवं ठेवून. मोड लांब झाला की लावताना तुटतो.

पेरल्यावर पाणी झारीने किंवा स्प्रेने द्या, मगने ओतलंत तर बिया एका कोपऱ्यात गोळा होतात. वरून वर्तमानपत्र झाका. यावेळी ऊन लागत नाही, ऊब लागते. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत येतो, वांगी आठवड्यानंतर, मिरचीला दहा-पंधरा दिवस सहज लागतात आणि डिसेंबरात नाशिक-पुण्याच्या थंडीत त्याहून जास्त, तेव्हा मिरचीच्या बाबतीत धीर धरा. रोज सकाळी कागद उचलून बघायचा, कारण पहिला वाकलेला कोंब दिसला की त्याच दिवशी कागद कायमचा काढायचा आणि ट्रे उजेडात न्यायचा. दोन दिवस उशीर झाला की रोपं लांबुळकी, पांढुरकी होतात आणि खिडकीकडे झुकतात, तशी रोपं नंतर कधीच नीट दणकट होत नाहीत. सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन मिळेल अशी जागा बघा आणि ट्रे रोज थोडा फिरवा.

आता सगळ्यात जास्त रोपं ज्याने मरतात ते, रोपं कोलमडणं. काल ताठ उभं असलेलं रोप आज सकाळी आडवं, पानं अजून हिरवीगार, पण मातीला लागून देठ बघितला तर तिथे तो पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला. ही मातीतली बुरशी आहे आणि ती अति पाणी, दाटीवाटी आणि कोंदट हवा यावर पोसते. आडवं झालेलं रोप वाचत नाही, ते आजूबाजूच्या मिश्रणासकट काढून फेका, बाकीच्यांचं पाणी थांबवा, ट्रे हवेशीर जागी न्या. पेरायच्या आधीच मिश्रणात थोडी ट्रायकोडर्मा पावडर (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळली तर हा त्रास खूप कमी होतो, कृषी सेवा केंद्रात मिळते. आणि पाणी वरून देण्यापेक्षा ट्रे दहा मिनिटं उथळ परातीत ठेवून खालून शोषू द्या, वरचा थर कोरडा दिसेपर्यंत परत पाणी नाही.

पहिली जी दोन गुळगुळीत पानं येतात ती बीजदलं, खरी पानं त्यानंतरची. चार-पाच खरी पानं झाली की रोप हलवायला तयार, टोमॅटोला साधारण २५ ते ३० दिवस, मिरचीला ३५ ते ४५. त्याआधी आठवडाभर रोपांना बाहेरची सवय लावा, पहिल्या दिवशी तासभर ऊन, मग रोज वाढवत न्या, पाणी जरा हात राखून. लावायचं ते संध्याकाळी. रोप देठाला धरून ओढू नका, कप उलटा करून गोळा तळहातावर घ्या. टोमॅटो खालची पानं काढून देठाचा अर्धा भाग मातीत जाईल इतका खोल लावा, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात, मिरची-वांगी मात्र ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. कुंडी किमान १२ इंची, एका कुंडीत एकच झाड, मोह होतो पण दोन लावू नका. नंतरचे तीन-चार दिवस दुपारी सावली करा.

कबुतरं कोवळे कोंब उपटतात, जुनी ओढणी किंवा जाळी अंथरा. मेथी-पालकाचं बी मुंग्या पळवतात, त्यासाठी पेरल्यावर बी नीट मातीआड करा, उघडं ठेवू नका.

सरळ वाण लावला असेल तर एक चांगलं झाड पहिल्यापासून बियांसाठी राखून ठेवा, त्याला लाल दोरा बांधा म्हणजे घरातलं कोणी तोडणार नाही. भेंडी झाडावरच वाळून कडक होऊ द्या, वांगं पिवळं पडू द्या. टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो म्हणून गर वाटीत घेऊन दोन दिवस आंबवायचा, वर पांढुरकी साय आली की धुवायचं, तळाशी बसलेलं बी घ्यायचं, तरंगतं टाकून द्यायचं. सावलीत ताटलीवर वाळवा, कागदावर चिकटतं. नीट खडखडीत वाळलं की चुलीच्या राखेत किंवा कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा.