वारकरी वडिलांच्या आठवणींची पुस्तिका कशी करावी

आमचे आप्पा एसटीच्या फलटण आगारात मेकॅनिक होते आणि अंगात ताकद होती तोवर दर आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर चालले. त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही भावंडांनी 24 पानांची पुस्तिका काढली. ती वाचून काहींनी विचारलं, "आमच्या वडिलांची करायची आहे, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी वस्तू सांभाळा. तेराव्यानंतर कपडे वाटले जातात, कपाटं रिकामी होतात. त्याआधी वारीची पिशवी, डायऱ्या, वह्या बाजूला काढून ठेवा. वारकऱ्याच्या घरात हाताने लिहिलेली अभंगांची वही बहुधा असतेच. पुढच्या पानांवर अभंग आणि चालींच्या खुणा, मागच्या पानांवर हिशेब. ते हिशेब नीट वाचा. आप्पांच्या वहीत मागे दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी सापडली: कुणाची कुठली गोळी, कुठल्या मुक्कामाला संपणार. फलटणला पोचलं की ते स्वतः दुकानात जाऊन पुढच्या वाटेची औषधं आणत. हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक पानाचा फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून काढा.

मग माणसं. घरच्यांच्या आधी बाहेरच्यांना भेटा: दिंडीचे विणेकरी, चोपदार, स्वयंपाक करणाऱ्या बायका, सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर, नोकरीतले सोबती. "आप्पा कसे होते?" असं विचारलंत तर "देवमाणूस" एवढंच उत्तर येईल, आणि ते खरं असलं तरी पुस्तिकेला पुरत नाही. "तुमची पहिली भेट कुठे झाली? तेव्हा ते काय करत होते?" असं विचारा. ड्रायव्हरने मला सांगितलं, वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री ट्रक बंद पडला, पाऊस लागला होता, आप्पा पोतं अंथरून गाडीखाली शिरले आणि पहाटेच्या काकड्यापर्यंत खालीच होते. हे ऐकल्यावर "सेवाभावी" असं वेगळं लिहावंच लागलं नाही.

वारकऱ्याला साल विचारू नका, मुक्काम विचारा. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असं एकेक नाव घेत चला. दिवे घाट म्हटला की कुणाला चढणीवर कुणाचं गाठोडं कुणी घेतलं ते आठवतं, नीरा म्हटलं की पादुकांचं स्नान, चांदोबाचा लिंब म्हटला की उभं रिंगण आणि त्या गर्दीत चुकलेलं पोर. साल नंतर जुळवता येतं. आषाढ अधिक आला होता 1996 आणि 2015 मध्ये. त्या वर्षी आषाढी एकादशी जुलैच्या अखेरीस होती, हे पुष्कळांच्या लक्षात असतं. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आप्पा तेव्हा निवृत्त होते, तरी त्या गाडीचे ब्रेक कुणी तपासले असतील, हे त्यांनी जुन्या सोबत्याला फोन करून विचारलं होतं.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. पंखा बंद ठेवा, मोबाईल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, आणि माणूस गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. फाइलला लगेच नाव, गाव आणि तारीख द्या. सगळं दोन ठिकाणी साठवा.

आईशी मात्र एकटीशी बोला, आणि घाईने नको. पुस्तिकेतला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वारी येते ती नेमकी पेरणीच्या आणि शाळा सुरू होण्याच्या दिवसांत. आप्पा वाटेवर असताना बियाणं, खत, मुलांची दप्तरं, आजीचं दुखणं हे सगळं आईने पाहिलं. गहू निवडता निवडता ती म्हणाली, "त्यांनी दिंडी सांभाळली, मी घर सांभाळलं. पण पंढरपूरहून आल्यावर माझ्या हातातली कळशी आधी घ्यायचे." मी ते तिच्याच शब्दांत छापलं. ती रागावली होती त्या वर्षांबद्दलही तिला विचारून लिहिलं. माणूस कुटुंबवत्सल होता असं म्हणायचं तर कुटुंबाने काय सोसलं तेही तिथे हवं.

एक पथ्य कडक पाळा. वडिलांनी गुपचूप मदत केली असेल तर ज्यांना केली त्यांची नावं छापू नका. आम्ही "एका मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे" एवढंच लिहिलं.

आधीच्या पिढ्यांची नावं हवी असतील तर त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला आपल्या गावाच्या तीर्थोपाध्यांकडे जा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते जुन्या वह्या काढतात.

छपाईचं थोडक्यात सांगते. मध्ये पिन मारायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. जुने फोटो मोबाईलवर पुन्हा टिपण्यापेक्षा 300 डीपीआयवर स्कॅन करून घ्या. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलंत आणि डीटीपीवाल्याने दुसऱ्या फॉन्टमध्ये बदललं की जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर घ्या आणि गावांची, माणसांची नावं मोठ्याने वाचून तपासा. निधनाची तारीख आणि तिथी दोन्ही द्या, कारण वर्षश्राद्ध तिथीने होतं आणि लेकरं तारीख लक्षात ठेवतात.

प्रती टपालाने पाठवण्यापेक्षा पालखी जवळच्या मुक्कामाला आली की हातात द्या. आम्ही तरडगावला दिल्या. शेवटची दोन पानं मुद्दाम कोरी ठेवली होती. तंबूत पुस्तिका वाचून दाखवली तेव्हा सासवडकडच्या एका आजींनी त्यांच्या प्रतीत नातवाकडून चार ओळी लिहून घेतल्या. त्या ओळींचा फोटो मी काढून आणला आहे, दुसऱ्या आवृत्तीत घालणार आहे.