ट्रुनॅट-सीबीनॅटसाठी बेडका: डबी भरण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅबला आहे. ट्रुनॅट न् सीबीनॅट ही बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी मशीनं. मशीन कितीही भारी असू द्या, डबीत नुसती लाळ आली तर ते लाळेचाच रिपोर्ट देणार. त्यामुळं मशीनबद्दल थोडं आणि डबीबद्दल जास्त सांगतो, आशाताईंना न् पेशंटच्या घरच्यांना तेच कामाचं.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, बेडक्यात रक्त, यातलं एक जरी असलं तरी डबी द्या. बऱ्याच जणांचं खोकल्याचं औषध आधीच तीन ठिकाणी पिऊन झालेलं असतं, त्यात कुणी लिव्होफ्लॉक्सासिन दिली असेल तर थोडे दिवस बरं वाटतं आणि टीबी सापडायचा लांबतो, आमच्याकडं हा प्रकार लई.

डबी दोनदा घ्यायची. एक दवाखान्यात जागेवरच आणि दुसरी सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी, कारण रात्रभर छातीत साठलेलं असतं. साध्या पाण्यानं चूळ भरायची, मिश्री-तंबाखूच्या आधी. परवा एक मावशी डबी घेऊन आल्या, आत काळसर पाणी. म्हटलं मावशी हे काय, तर म्हणाल्या "मिश्री लावल्याबिगर खोकलाच सुटत नाही की ओ". डबी परत दिली. दुसऱ्या दिवशी त्यांना मागच्या लिंबाखाली बसवलं, दोनदा खोल श्वास घेऊन क्षणभर धरायला लावला आणि तिसऱ्यांदा पोटातून खोकल्या तेव्हा कुठं चिकट पिवळट गोळा आला. असा पाहिजे. पाण्यासारखा, वर फेस असलेला म्हणजे लाळ. कमीत कमी २ मिली, चहाचा अर्धा चमचा धरा. हे सगळं उघड्यावर करायचं, वॉर्डात किंवा बाथरूममध्ये नाही, आणि वारा तुमच्याकडून पेशंटकडं जाईल असं उभं राहायचं. लहान लेकरं बेडका गिळून टाकतात, त्यांच्या पोटातलं पाणी उपाशीपोटी नळीनं काढून तपासता येतं, ते डॉक्टर बघतील.

नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात! एकदा माझ्याच टेबलावर दोन डब्यांची झाकणं अदलाबदल झाली होती, दोघांनाही परत बोलवावं लागलं आणि एकाचा अख्खा रोज बुडाला. झाकण घट्ट, डबी प्लास्टिक पिशवीत, कागद वेगळ्या पिशवीत. शक्यतो त्याच दिवशी पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. सीबीनॅटसाठी बेडका ३५ अंशांच्या आत ३ दिवस टिकतो म्हणतात, पण मे महिन्यात आपल्याकडं ३५ असतं कुठं, एसटीच्या टपाखाली तर विचारूच नका, म्हणून आइसपॅक पाहिजेच.

आता मशीन. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलीत साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात, सीबीनॅटला शे-सव्वाशे पुरतात, शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का नाही तेपण त्याच टेस्टमध्ये कळतं. सीबीनॅटचा निकाल दोन तासांच्या आत येतो, पण त्याला खोली ३० अंशांच्या आत लागते, म्हणजे एसी आलं, यूपीएस आलं. चालू टेस्टमध्ये लाईट गेली न् यूपीएसनं दगा दिला की काडतूस वाया. ट्रुनॅट गोव्याच्या मोलबायोचं, २०२० मध्ये डब्ल्यूएचओनं मान्य केलं, बॅटरीवर चालतं, एसी लागत नाही, त्यामुळं आपल्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) तेच बरं पडतं. फक्त बॅटरी रात्रीच चार्ज करून ठेवायची आणि टेस्टच्या चिपा ३० अंशांच्या आत ठेवायच्या. बेडका घट्ट असेल तर पातळ होऊ द्या, घाई केली की एरर येतो न् वेळ दुप्पट जातो.

रिपोर्टवर 'एमटीबी डिटेक्टेड' म्हणजे टीबीचा जंतू सापडला, टीबी आहे, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स (म्हणजे ते औषध जंतूवर चालत नाही) नाही आला तर नेहमीचा ६ महिन्यांचा कोर्स. रेझिस्टन्स आला तर नेहमीच्या गोळ्यांवर सोडायचं नाही, जिल्ह्याच्या सेंटरला पाठवायचं. 'इनडिटरमिनेट' म्हणजे जंतू इतके कमी की रिफाम्पिसिनचं सांगता येत नाही, दुसरी डबी घ्या. 'इनव्हॅलिड' किंवा 'एरर' म्हणजे टेस्ट झालीच नाही, तो निगेटिव्ह समजून पेशंटला घरी पाठवू नका. 'नॉट डिटेक्टेड' आला पण ताप-खोकला हटत नाही तर एक्स-रे काढून डॉक्टरला दाखवा, टीबी तरीही असू शकतो. आणि कोर्स चालू असताना "बरा झालो का बघा" म्हणून ही टेस्ट मागू नका, ती मेलेल्या जंतूचा डीएनएपण पकडते, त्यासाठी मायक्रोस्कोपची जुनी तपासणीच बरी.

पॉझिटिव्ह आला की निक्षय नंबर (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा नंबर) त्याच दिवशी टाका, पोषणाचे महिन्याला १००० रुपये त्यावरच येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). फोन दोन घ्या, एक पेशंटचा न् एक गावात राहणाऱ्याचा, कारण दिवाळीनंतर कोयता (ऊसतोडीची जोडी) साखर कारखान्यावर गेला की पेशंटचा फोन लागेलच असं नाही. सांगलीला असो नाहीतर कर्नाटकात, तिथल्या सरकारी दवाखान्यात तो निक्षय नंबर दाखवला की गोळ्या मिळतात, म्हणून कागदाचा फोटो काढून मुकादमाच्या नाही, बायकोच्या मोबाइलवर टाकून द्या.