पिकअपचे मागचे शॉकअप बदलताय? आधी टेप घेऊन गाडीखाली जा

बोलेरो पिकअप घ्या नायतर टाटाची योद्धा, मागं पाटेच (एकावर एक ठेवलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असतात, आणि गोंधळ इथंच होतो. माल भरला की गाडी मागं बसते म्हणून माणूस शॉकअप बदलायला निघतो, पण अहो वजन पाटे उचलतात, शॉकअप नाही. खड्ड्यातून गेल्यावर पाटे वरखाली नाचत राहतात ते नाचणं थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. गाडी बसत असेल तर आधी पाटे बघा, एखादा तुटलेला किंवा सरळ झालेला सापडेल.

शॉकअप गेलाय हे कसं ओळखायचं? रिकामी गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली की मागून दोन-तीनदा उसळते, टायरवरून हात फिरवला की खळगे लागतात, वळणावर मागचा भाग फेकल्यासारखा वाटतो. शॉकअपवर नुसती ओलसर धूळ चिकटली असेल तर घाबरू नका, पण ऑइलचा ओघळ दिसला तर तो संपला. अजून एक, खराब रस्त्यानं आठ-दहा किलोमीटर चालवून या आणि दोन्ही शॉकअपला जपून हात लावा, चालू असलेला गरम लागतो आणि मेलेला थंडच राहतो, कारण तो कामच करत नाही.

आता निवड. मी पहिल्यांदा बदलले तेव्हा दुकानात जुना दाखवला, नवा शेजारी उभा धरला, दबलेली लांबी सारखी दिसली म्हणून घेऊन आलो. पूर्ण उघडल्यावर तो जवळपास दोन इंच कमी भरत होता हे तेव्हा बघितलंच नाही, आणि टोमॅटो भरून नारायणगावला जाताना एका मोठ्या खड्ड्यात चाक खाली गेलं आणि खालचा डोळाच, म्हणजे बोल्ट जातो ती कडीच, उपटला. त्यामुळं दोन्ही मापं घ्या, पूर्ण दाबून आणि पूर्ण उघडून, शिवाय डोळ्यातल्या बुशाचं, म्हणजे रबरी नळीचं, भोक आणि रुंदी. पार्ट नंबर जुळला तर उत्तमच. साधा ऑइलचा की गॅसचा म्हणाल तर कच्च्या रस्त्यावर लांब पल्ला असेल तर गॅसचा घ्या, तापल्यावर ऑइलला फेस कमी येतो. गावात आणि मार्केटपर्यंतच फिरत असाल तर साधा भरपूर झाला. गॅब्रिएलसारख्या कंपनीचा माल गावोगाव मिळतो पण बिल घेऊनच घ्या, आणि कायम जोडीनं बदला. एक नवा एक जुना ठेवला तर गाडी एका अंगाला वेगळी उसळते.

बसवायच्या आदल्या रात्री नटबोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळचा अर्धा त्रास वाचतो. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जागा पुरत असेल तर गाडी उचलूच नका, चाकं जमिनीवर असतानाच काम होतं. उचललीच तर एक्सलखाली (मागची दोन चाकं जोडणारा दांडा) स्टँड द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, आणि एक्सल लटकता ठेवू नका कारण शॉकअप काढल्यावर तो अजून खाली येतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो.

नवा साधा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-उघडा, आडवा पडून आत गेलेली हवा निघते. मग आडवा करायचा नाही, जाड भाग खाली ठेवून तसाच चढवा. गॅसवाल्याला दाबून धरणारी पट्टी असते, ती एक डोळा बोल्टात गेल्यावरच कापा, तो आपोआप उघडतो. चकचकीत दांड्याला पक्कड लावू नका, बारीक ओरखडा पडला तरी सील फाटतं आणि महिन्या-दोन महिन्यांत ऑइल गळायला लागतं.

आणि हे नीट वाचा. बोल्ट आधी हातानं, ढिले ठेवा. गाडी पूर्ण खाली चाकांवर येऊ द्या, मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, म्हणजे आवळायच्या जोराच्या मापानं, आवळा. चाकं लटकत असताना आवळले तर बुशाचं रबर त्याच जागी धरलं जातं, गाडी खाली आली की पिळतं, आणि नव्या शॉकअपचा बुश लवकर फाटून खडखड सुरू होते. वरच्या टोकाला डोळ्याऐवजी आटे असतील तर रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगेल इतकंच आवळायचं.

पहिली भरलेली फेरी मारून आलात की परत खाली शिरून चारही नट तपासा, आणि हँडब्रेकची केबल नव्या शॉकअपला घासत नाही ना तेही बघून घ्या.